जुनी सीएनजी वॅगनआर घेतलीय, पावसाआधी काय काय करून घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कासारवडवलीला राहता आणि रोज महापेला नोकरीला जाता. २०१७ची, कंपनीनेच सीएनजी किट बसवलेली वॅगनआर दुसऱ्या मालकाकडून घेतलीत. मीटर ७२,००० किलोमीटर दाखवतो, सर्व्हिसचं एकही बिल मिळालेलं नाही, आणि विकणारा म्हणतो, 'काही काम नाही, बिनधास्त चालवा.' पावसाला महिनाही उरलेला नाही आणि गणपतीला याच गाडीने घरच्यांना घेऊन चिपळूणला जायचंय. आधी काय करायचं आणि काय नंतर केलं तरी चालेल?

मी वागळे इस्टेटमध्ये बरीच वर्षं गॅरेज चालवतो. घोडबंदर रोडवरून नवी मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या गाड्या माझ्याकडे सतत असतात, त्यामुळे सांगतोय ते तुमच्याच रस्त्याचं आहे.

नोंदी नसलेल्या गाडीला मी एकच नियम लावतो. ज्या कामाची तारीख आणि किलोमीटर कुणाला सांगता येत नाही, ते काम झालेलंच नाही असं धरायचं. विकणारा खोटंच बोलतो असं नाही, बहुतेकांना खरंच आठवत नसतं. 'मागच्या दिवाळीत ऑइल बदललं' म्हणणाऱ्याची ती दिवाळी कधीकधी तीन वर्षांपूर्वीची निघते. म्हणून गाडीतली सगळी ऑइलं, कुलंट आणि झिजणाऱ्या वस्तू एकदा आपल्या हाताने नव्या करायच्या किंवा तपासून घ्यायच्या. त्या दिवसाची तारीख आणि मीटरचा आकडा एका वहीत लिहायचा आणि पुढचा हिशोब तिथून मोजायचा.

दुसरी गोष्ट मीटरची. तुमच्यासारख्या प्रवासात किलोमीटर पाहून गाडीचं वय कळत नाही. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन साधारण १६७ तास चालतं. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा करत ताशी २० च्या सरासरीने तेवढंच अंतर कापायला ५०० तास लागतात. ऑइल तिप्पट वेळ तापत राहतं, पंखा आणि क्लच तिप्पट राबतात, मीटर मात्र तोच आकडा दाखवतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं. रांगत जाणारी वाहतूक आणि धूळ हे दोन्ही त्यात मोडतं. ठाण्यातल्या गाडीला तेच लागू होतं असं समजा.

गॅरेजला नेण्याआधी घरी पार्किंगमध्येच अर्धा तास द्या. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चावी ऑनवर फिरवा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागतच नसेल तर कुणीतरी दिवाच बंद करून ठेवलाय, आणि तसं करायला काहीतरी कारण असणार. ऑइलचा आणि एबीएस किंवा एअरबॅग असल्यास त्यांचाही दिवा असाच पाहा. मग बॉनेट उघडून ऑइलची डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, परत घालून पातळी बघा. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. काळा चिकट गाळ बोटाला आला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. तिथे दुधासारखा पांढरट थर दिसला तर कुलंट ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. पण लगेच घाबरू नका. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर दमटपणामुळेही तसा थोडा थर धरतो. एकदा लांब चालवून आणल्यावर तो गेला तर प्रश्न मिटला. परत आला आणि कुलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, तपासायला हवं.

त्याच दिवशी आणखी एक काम करा. आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि जुन्या सर्व्हिसचा इतिहास मागा. गाडी तिथे जात असेल तर तारखा आणि त्या वेळचे किलोमीटर मिळतात. २०२१मध्ये ८५,००० आणि आज ७२,००० असं दिसलं तर मीटर मागे फिरवलाय हे उघड आहे. दुरुस्तीसाठी कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत तुमची आहे का आणि ते काम झालंय का, तेही तिथेच कळेल.

आता खर्चाचा क्रम. गाडी थांबली पाहिजे, रस्त्याला धरून राहिली पाहिजे आणि तापता कामा नये. म्हणजे ब्रेक, टायर, कुलंट. त्यानंतर इंजिन ऑइल आणि गॅसचं काम, मग बॅटरी. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, बॉडी कोटिंग सगळ्यात शेवटी. नवी गाडी घरी आली की लोक उलट्या क्रमाने खर्च करतात आणि ब्रेकपर्यंत येता येता पैसे संपतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की कळकळीने सांगतोय.

कुलंटपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत हिरवं, लाल किंवा निळं, स्वच्छ द्रव दिसलं तर ठीक. तपकिरी, गंजाचं पाणी दिसलं तर समजा की कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. कुलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातल्या ग्लायकॉलमुळे उकळण्याचा बिंदू वाढतो आणि गंजरोधक रसायनांमुळे रेडिएटर, वॉटर पंप आणि हेडच्या आतल्या वाटा सुरक्षित राहतात. ही रसायनं काळानुसार संपत जातात, म्हणून पातळी बरोबर असली तरी जुनं कुलंट बदलावंच लागतं. पूर्ण काढून, सिस्टीम साध्या पाण्याने धुऊन, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कुलंट भरा. तयार मिसळलेलं मिळत असेल तर तेच घ्या. नाहीतर कॉन्सन्ट्रेट डीमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. दोन वेगळ्या प्रकारची कुलंटं एकत्र करू नका, त्यांचा चिकट गाळ होऊ शकतो.

हे करताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का हे मेकॅनिकला आवर्जून विचारा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने गाडी तापायची थांबल्यासारखी वाटते, पण इंजिन कधीच नीट गरम होत नाही आणि ॲव्हरेज घसरतं. तुमच्या गाडीत एक तोटा वाढतो. सीएनजी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन ठरावीक तापमानाला पोचल्यावरच गॅसवर जाते. थर्मोस्टॅट नसेल तर ती बराच वेळ पेट्रोलच पीत राहते. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नसेल तर गॅरेजमधल्या स्कॅनरवर बघता येतं. गरम झालेल्या इंजिनचं तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास टिकलं पाहिजे, आणि उभ्या गाडीत ते वाढलं की रेडिएटरचा पंखा सुरू होऊन ते खाली आलं पाहिजे. होज पाइप हाताने दाबून पाहा. ते कडक झाले असतील, टोकाशी फुगले असतील किंवा बारीक चिरा दिसत असतील तर क्लिपांसह बदला. जुना होज कापूरबावडीच्या जाममध्ये फुटणं आणि कशेडीच्या चढाला फुटणं यात किती फरक आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ब्रेकचं काम कुणी 'पॅड चांगले आहेत' एवढं सांगून उरकत असेल तर मान्य करू नका. चारही चाकं उतरवा. पुढच्या डिस्क पॅडची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदलाच. कॅलिपरच्या पिना काढून साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावा. या पिना अडकल्या की एका बाजूचा पॅड लवकर झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढते. मागचे ड्रम उघडायला मेकॅनिक कंटाळतात, कारण ते गंजून घट्ट बसलेले असतात. पण व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळतंय का हे ड्रम उघडल्याशिवाय दिसत नाही. आत साचलेली धूळ साफ करा, लायनर बघा, हँडब्रेक ॲडजस्ट करून घ्या.

आणि ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलीची कमी नाही. डॉट ३ प्रकारचं कोरडं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरलेल्या ऑइलसाठी मानकाची मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये हा फरक जाणवणार नाही. पण पाच माणसं, सामान आणि मागे सिलिंडर घेऊन तुम्ही परशुराम घाट उतरत असाल आणि सारखा ब्रेक दाबत असाल, तर ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं. रिझर्व्हॉयरच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच नव्या, सीलबंद डब्यातलं वापरायचं. गॅरेजच्या कोपऱ्यात महिनाभर उघडा पडलेला अर्धा डबा ओतू देऊ नका. आणि घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर या, न्यूट्रलमध्ये कधीही नको.

टायरवर खोली बघण्याआधी वय बघा. टायरच्या कडेला इंग्रजी DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तो कोड टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून आतल्या बाजूलाही वाकून पाहा. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने ती शेवटची हद्द आहे, पावसात मात्र मी तिथपर्यंत थांबू देत नाही. खाच भरपूर असूनही टायर सहा वर्षांचा झाला असेल आणि कडेला चिरा दिसत असतील तर तो ओल्या रस्त्यावर धरत नाही. ठाणे-बेलापूर रोडवर पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर घसरणाऱ्या गाड्या पाहिल्या की याचं महत्त्व पटतं. स्टेपनीचाही कोड वाचा, ती बहुतेक वेळा २०१७चीच निघते. सीएनजी गाडीत सिलिंडरमुळे स्टेपनी काढायला त्रास होतो, म्हणून घरीच एकदा ती काढून, जॅक आणि पाना वापरून चाक बदलून बघा. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. टायर बदलल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करा, आणि पाऊस संपल्यावर अलाइनमेंट पुन्हा एकदा.

इंजिन ऑइल आणि फिल्टर तर पहिल्याच आठवड्यात. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच घाला. 'आपल्याकडे गरम हवा आहे, जाड ऑइल टाकू' हा सल्ला ऐकू नका. इंजिनच्या आतली अंतरं त्या पातळ ऑइलसाठीच आखलेली आहेत. ऑइल गाडी थोडी गरम असताना काढा म्हणजे गाळ बरोबर वाहून येतो. ड्रेन नटचा वॉशर नवा घाला. काढलेल्या ऑइलमध्ये धातूची चमक दिसते का ते उजेडात पाहा. झाकणाखाली काळा गाळ सापडला असेल तर कुणी सुचवलं तरी इंजिन फ्लश करू नका. सुटलेला गाळ खालच्या जाळीत अडकला तर ऑइलच वर चढत नाही. त्यापेक्षा पहिलं नवं ऑइल ३,००० किलोमीटरलाच बदला. चांगलं ऑइल गाळ हळूहळू सोडवतं आणि तो तुम्ही बाहेर काढून टाकता. त्यानंतर १०,००० किंवा एक वर्ष हा आकडा वाचला असेल, पण तुमच्या रोजच्या रस्त्यासाठी मी ७,०००च्या आसपास सांगेन. टायमिंग बेल्टची काळजी तुम्हाला नाही, या इंजिनला चेन आहे. डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनसारखी बेल्टवाली गाडी घेतली असती आणि नोंद नसती, तर मी सगळ्यात आधी बेल्ट बदलायला लावला असता, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. एअर फिल्टरही याच वेळी बदला. गिअर ऑइल सहसा कुणी बघतच नाही, तेही एकदा बदलून घ्या म्हणजे बरीच वर्षं निश्चिंती.

आता गॅस. सीएनजी सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली केलेली तपासणी, दर तीन वर्षांनी करणं बंधनकारक आहे. २०१७च्या सिलिंडरची २०२० आणि २०२३ साली टेस्ट झालेली असायला हवी, पुढची २०२६मध्ये. टेस्टचं सर्टिफिकेट आणि गाडीवरची तारखेची पट्टी, दोन्ही पाहा. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरला जातो. गंजलेल्या किंवा ठोका बसलेल्या सिलिंडरवर तो दाब देणं म्हणजे मागे बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लावणं. टेस्ट पेसोने, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, मान्यता दिलेल्या केंद्रातच करून घ्या. सिलिंडर न उतरवता नुसतं सर्टिफिकेट देणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. सिलिंडरचे पट्टे घट्ट आहेत का, त्यांच्याखाली गंज आहे का ते बघा. गॅसचे जोड साबणाच्या फेसाने तपासता येतात, बुडबुडे दिसले तर गळती आहे. वास आला तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, गाडी उघड्यावर ठेवा आणि सीएनजीच्या जाणकारालाच बोलवा. जोड स्वतः आवळायला जाऊ नका.

सीएनजीवर स्पार्क प्लगवर जास्त ताण येतो, कारण या मिश्रणाला पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. तुमच्या इंजिनला तीन प्लग आहेत, तिन्ही नवे घाला. गाडी गॅसवर गचके खात असेल आणि पेट्रोलवर नीट चालत असेल तर लोक लगेच किटला दोष देतात. निम्म्याहून अधिक वेळा प्लग, कॉइल किंवा भरलेला एअर फिल्टर निघतो, म्हणून महागडा रेग्युलेटर बदलण्याआधी हे तीन पाहा. किटचा गॅस फिल्टरही बघा, तो आहे हेच कुणाच्या लक्षात नसतं.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवायची सवय असेल तर सोडा. गाडी पेट्रोलवरच सुरू होते आणि टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. रिकाम्या टाकीत तो जळतो. दुसरीकडे, चार-सहा महिने तेच पेट्रोल पडून राहणंही वाईट. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल ओढतं. २०१७ची गाडी त्या प्रमाणासाठी बनवलेली नाही, त्यामुळे पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील एकदा तपासून घ्या. टाकी पाव भाग ठेवा, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

बॅटरीची तपासणी दोन मिनिटांची आहे. रात्रभर उभ्या गाडीत मीटरवर १२.६ व्होल्टच्या जवळ आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. सकाळी १२.२ असेल आणि बॅटरी चार वर्षांची असेल तर पावसाची वाट बघू नका. नवी बॅटरी घेण्याआधी मात्र टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्याने धुऊन, घासून, व्हॅसलिन लावून पाहा, आणि बॉडीला जाणारी अर्थची वायर काढून घासा. ऐरोलीच्या खाडीकडची खारी हवा आणि महापे भागातल्या कारखान्यांचं वातावरण यात तुमची गाडी दिवसभर उभी असणार. सेल्फ न लागणं, दिवे मंद होणं, विनाकारण दिवा लागणं यातली बरीच दुखणी गंजलेल्या अर्थची असतात.

त्याच कारणाने गाडी खालून बघा. लिफ्टवर चढवून फ्लोअर, दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी आणि ब्रेकचे धातूचे पाइप पाहा. गंज असेल तर आधी घासून, प्रायमर मारून मगच कोटिंग. गंजावर थेट काळा थर मारला की वरून छान दिसतं आणि आत गंज चालूच राहतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी भोकं असतात, कोटिंगवाला ती बुजवतो. मग पावसाचं पाणी दारातच साचतं. बॉनेटच्या मागे, काचेच्या खालच्या खाचेत पिंपळाची आणि गुलमोहराची पानं साठलेली असतात, तीही काढा. तिथून पाणी आत शिरतं आणि लोक फूटरेस्टखालचा गालिचा ओला का म्हणून शोधत बसतात. गालिचा उचलाच. खाली वाळलेला चिखल, सीटच्या रुळांवर गंज किंवा पूर्ण बाहेर ओढलेल्या सीट बेल्टवर मातीची आडवी रेघ दिसली तर ही गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली आहे. मग सगळ्या वायरिंगच्या सॉकेट उघडून तपासणं आलं.

तुमच्या रस्त्यावर विटाव्याचा रेल्वेपूल लागत असेल तर तिथे पाणी साचतं हे तुम्हाला माहीत असेलच, तसंच ठाण्यात वंदना टॉकीजपाशी. पाणी निम्म्या चाकाच्या वर दिसलं की थांबा, मागे वळा. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या, प्लग काढून पाणी काढलं की बऱ्याचदा इंजिन वाचतं. विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जोड-कलम आहे का ते आजच बघा, साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत. वायपरची रबरं बदला आणि काच आतून-बाहेरून तेलकटपणा जाईपर्यंत पुसा. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये उंदीर असतील तर बॉनेटखालच्या वायरी नियमित बघत राहा. पावसाळ्यात ते कोरड्या जागेला येतात आणि वायरी कुरतडतात. गाडीत खाण्याचं काही ठेवू नका.

सस्पेन्शन, क्लच, एसी यांचं थोडक्यात. खड्ड्यावरून जाताना खडखड आवाज येत असेल तर लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड आधी बघा, लगेच शॉकअप बदलायला जाऊ नका. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच प्लेट संपत आलीय. ट्रॅफिकमध्ये पाय क्लचवर ठेवून रांगायची सवय असेल तर नवी प्लेटही लवकर जाईल. एसी थंड करत नसेल तर गळती न शोधता नुसता गॅस भरू नका, दोन महिन्यांत पुन्हा तेच.

काम करून घेताना जुने सुटे भाग परत मागा, ऑइलचे डबे डोळ्यांसमोर फोडायला सांगा. इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बन, अमुक कोटिंग, तमुक ट्रीटमेंट अशी पॅकेजेस घेऊ नका. थ्रॉटल बॉडी साफ करणं योग्य आहे, बाकीचं गाडीने लक्षण दाखवल्यावर.

कागदांचंही याच महिन्यात उरका. मालकी तुमच्या नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर करायला अर्ज करायचा असतो. तसं न करता अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. गाडीवर जुनी ई-चलनं आणि बँकेचा बोजा आहे का ते पाहा, सीएनजीची नोंद आरसीवर आहे याची खात्री करा. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. पीयूसी तुमच्यासारख्या बीएस ४, म्हणजे त्या काळच्या प्रदूषण मानकाच्या, गाडीला एक वर्षाचं मिळतं. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून तुमच्या नावाचा नवा घ्या.

हे सगळं झाल्यावर गणपतीची वाट न बघता, जुलैत एखाद्या रविवारी पाऊस जरा उघडला की घरची तितकीच माणसं आणि सामान घेऊन जुन्या महामार्गाने खोपोलीवरून लोणावळ्याला जाऊन या. चढावर एसी लावून तापमान बघा, उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडतंय का ते जाणवून घ्या, थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलंय का पाहा. तसं असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकतोय. हात लावून बघू नका, चटका बसेल. घरी आल्यावर पार्किंगमध्ये इंजिनखाली एक पुठ्ठा टाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, पुठ्ठ्यावर कसला डाग आहे का आणि कुलंट, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल यांच्या पातळ्या किती आहेत ते बघून वहीत लिहा. कुलंट खाली गेलं असेल आणि पुठ्ठा कोरडा असेल तर वरून भरत बसू नका, गॅरेजमध्ये कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्या. चिपळूणला निघायला तेव्हाही तुमच्या हातात पुरेसे दिवस असतील.